दोर गप्प असतो तेव्हा

‘कुतूहलापोटी’ हा शब्द ज्योतीरामनं तीनदा वाचला आणि तिसऱ्या वेळी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद कंपनीचा होता, टाइप केलेला, वर निळा शिक्का मारलेला. खंडेनवमीच्या पूजेच्या दिवशी बाहेरून आणलेला एक न फुटलेला फटाका सफाई कामगार कुसुम हिने कुतूहलापोटी हातात घेतला व तो फुटून तिला इजा झाली, असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदार म्हणून ज्योतीरामचं नाव आधीच छापलेलं. फक्त सही राहिली होती.

कुतूहल म्हणे! बावन्न वर्षांची बाई, देहूहून सकाळी सहाची बस धरून येणारी, नऊ वर्षं हातात फडकं नाहीतर झाडू. तिला जळक्या दोराचं कसलं आलंय कुतूहल? ज्याला कचरा उचलायचा पगार मिळतो तो कचरा उचलतो. ज्यांनी जन्मात झाडू धरला नाही, त्यांनाच त्याला कुतूहल म्हणायचं सुचतं.

कागद पुढं सरकवणारा निरंजन कंपनीचा सेफ्टी ऑफिसर होता. सत्तावीस वर्षांचा, कोल्हापूरकडून शिकून आलेला. वाईट नव्हता, भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातून वाईट कामं फार नीटनेटकी होतात. त्यानं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात समजावलं. अकरा वाजता सरकारी कारखाना निरीक्षक येणार आहेत. फटाका लिहिला की प्रकरण मिटतं. पाखरं हाकायचा कंपनीचा दोर होता असं लिहिलं, तर पहिला प्रश्न येणार, स्फोटकाच्या खोलीची चावी कुणाकडं होती? ज्योतीराममामाकडं. मग मामा घरी. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय, असं तो दोनदा म्हणाला.

चावी आपल्याकडं होती हे ज्योतीरामला कुणी सांगायला नको होतं. ती आपण काढून दिली, हेही. त्याचा निम्मा राग स्वतःवरच होता आणि म्हणून तो दुप्पट झाला होता.

पण कुसुमताईचं काय? तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. काम करताना झालेली इजा ठरली, तर ईएसआयच्या कामगार विम्यातून तिला जन्मभर काहीतरी मिळणार. स्वतःच्या हौसेनं फटाका हाताळला असं ठरलं, तर पदरात कोरडी सहानुभूती. एका शब्दावर तिचं उरलेलं आयुष्य अडकलं होतं, आणि तो शब्द लिहिणाऱ्यानं एसीत बसून लिहिला होता.

ज्योतीरामचं काम ऐकलं की गावाकडचे लोक हसायचे. चाकणला गाड्यांच्या कंपनीत आहे म्हटलं की इज्जत वाढते, पण तिथं काय करतोस विचारलं की खरं सांगावं लागतं: पाखरं हाकतो. कंपनीत तयार झालेल्या गाड्या मागच्या यार्डात उभ्या असतात, तीन-साडेतीन हजार, उन्हात चकाकत. शेजारी पाण्यानं भरलेली जुनी खाण आहे आणि पलीकडं धाब्यांचा उकिरडा. त्यामुळं पारवे, साळुंक्या आणि बगळे यांचं ते आजोळच होऊन बसलंय. पाखरू बॉनेटवर शिटलं आणि ते उन्हात दोन तास वाळलं, की रंगाचा वरचा थर खाल्ला जातो आणि गाडी परत पेंट शॉपला जाते. हे पाहून कोणा साहेबानं बाहेरच्या देशातली रीत आणली आणि कंपनीला माणूस हवा झाला. ज्योतीराम उदगीरकडचा. लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवलेला. कंपनीत गाडीला हात न लावता नोकरी मिळालेला तो एकटाच असावा.

गोफणीच्या जागी आता त्याच्याकडं दोन साधनं होती. एक पिस्तूल, त्यातून सुटलेला बार साठ-सत्तर पावलं उडत जाऊन हवेत फुटायचा. आणि दुसरा तो दोर. बोटाएवढा जाड, सुती, सोरा नावाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवून वाळवलेला. त्यात वीतभर अंतरानं नऊ बार खोवलेले. तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला टांगायचा, खालचं टोक पेटवायचं आणि निघून जायचं. दोराला ज्योत नसते. दिवसा धूरही दिसत नाही. तो आतल्या आत वर वर जळत जातो आणि दर वीस मिनिटांनी एक बार फुटतो. वारा असला तर पंधरा, हवा दमट असली तर पंचवीस. पाखरांना पुढचा आवाज कधी येईल याचा अंदाज येऊ नये, हीच त्यातली खुबी.

या दोराला फटाका म्हटलं की ज्योतीराम चिडायचा. फटाका माणसांना जवळ बोलवायला असतो. लोक गोल करून उभे राहतात, पोरं टाळ्या पिटतात. हा दोर हाकलून द्यायला असतो. त्याला ना रंग, ना फुलं. त्यात दारू ठासलेली असते ती फक्त आवाजासाठी, अख्ख्या माळरानाला ऐकू जाईल एवढी. आणि सगळ्यात मोठा फरक तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. फटाका गप्प झाला की संपला. दोर गप्प असतो तेव्हा चालू असतो.

कुसुमताईला हे पाठ होतं. पाखरांच्या मागं तो, आणि त्याच्या मागं ती, असं त्यांचं काम जोडलेलं होतं. त्याच्या हातून सुटलेल्या पाखरानं जी घाण केली, ती तिच्या बायकांनी दोन तासांच्या आत ओल्या फडक्यानं टिपायची. "ज्योतीभाऊ, आज झोपला व्हता का?" असं ती सकाळी सकाळी विचारायची आणि तो कानावर हात ठेवून पुढं जायचा. मूळची मानवतची बाई, जीभ तिखट. डब्यातलं ठेचा-भाकरीचं फडकं मात्र रोज त्याच्यापुढंही सोडायची.

मग तिनं तो दोर उचललाच कसा? ते असं झालं.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते. लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. यार्डाच्या मजुरांचा ठेका, त्यात ज्योतीरामही आला, कुलदीपशेठकडं होता. जुन्या गावातलं घराणं, कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे तिच्यातला एक तुकडा त्याच्या आजोबांचा. म्हणून ठेका, म्हणून पांढरी गाडी, आणि म्हणून गेटमधून आत येताना मालकासारखी चाल. त्या दिवशी मोठे साहेब पुण्याहून पूजेला येणार होते. कुलदीपनं गेटवर लावायला दहा हजारांची लड मागवली होती. आदल्या रात्रीच्या पावसात ती टेम्पोतच भिजली. काडीवर काडी ओढली, लड ढिम्म हलेना. पुजारी आलेला, लोक जमलेले, आणि शेठचा चेहरा पडलेला.

तेव्हा त्याला ज्योतीरामचा दोर आठवला. त्यानं येऊन चावी मागितली. ज्योतीराम नको म्हणाला. शेठ हसला, खांद्यावर हात टाकला, मग हसायचा थांबला. तुझी सही माझ्या हजेरीवर असते हे विसरलास का, एवढंच विचारलं. ज्योतीरामनं चावी काढून दिली. पण तोंडानं बजावलं, निदान एवढं तरी केलं. ही लड नव्हे, शेठ. एक बार फुटला की वीस मिनिटं जवळ जायचं नाही, आणि नऊच्या नऊ झाल्याबिगर हात लावायचा नाही. कुलदीप म्हणाला, "आमी काय फटाकं बघितलं न्हाईत व्हय रं?"

गेटजवळच्या लिंबाला, पाल्यात अर्धा झाकला जाईल असा, दोर टांगला. नारळ फुटला, दोर पेटला, एक बार झाला. असा झाला की पुजाऱ्याच्या हातातलं तबक कलंडलं. सगळे पुढच्या आवाजाची वाट बघत उभे राहिले आणि काहीच झालं नाही. लोक हसायला लागले. फुसकी निघाली म्हणाले. ज्योतीराम झाडापाशी उभा राहिला, लोकांना मागं सारत. तेवढ्यात कुलदीपनं त्याला हाक मारली, साहेबांची गाडी जवळ आली आहे आणि गाड्यांच्या पहिल्या रांगेवर बगळे बसलेत, पळ. तो गेटवरच्या कोंडाजीला, म्हाताऱ्या वॉचमनला, कुणाला जवळ जाऊ देऊ नका सांगून पळाला. साहेबांची गाडी आली तसा कोंडाजी गेट उघडायला गेला. ज्योतीराम बगळ्यांमागं तिसऱ्या रांगेत पोचला असताना मागं बार फुटला, आणि त्यानंतर जी किंकाळी आली ती पाखराची नव्हती.

दवाखान्यात कुसुमताईनं त्याला सांगितलं. कान गेल्यामुळं ती मोठ्यानं बोलत होती, सगळा वॉर्ड ऐकत होता. "शेठ म्हणला, ती फुसकी लड काढ तिथनं, साहेब यायलेत. लड म्हणला, म्हणून मी काढायला गेले. दोर म्हणला असता तर मी गेले असते का रे भाऊ?" गेटवर ज्योतीरामचा दोर लागलाय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पूजेच्या वेळी ती आणि तिच्या बायका मागं गाड्या पुसत होत्या, कारण प्रसाद साहेबांसाठी असतो आणि फडकं त्यांच्यासाठी.

या सगळ्याचं कागदावर ‘कुतूहल’ झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. इथं तर संन्याशाची बोटंही आधीच तोडून झाली होती.

"सही करत न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

निरंजननं कपाळाला हात लावला.

अकरा वाजता निरीक्षक आले. धम्मरत्न वाहुळे नाव, उन्हानं रापलेले, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन फिरणारे. त्यांनी चहा नाकारला आणि कागद वाचला. कुलदीप समोरच्या खुर्चीवर ऐसपैस बसला होता. फटाका पोरांनी बाहेरून आणला, तो फुसका निघाला, बाईनं उचलला, आम्हालाही वाईट वाटतं, असं त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं. वाहुळे साहेबांनी ज्योतीरामकडं पाहिलं आणि साक्षीदाराची सही का नाही असं विचारलं. ज्योतीराम म्हणाला, तो फटाका नव्हता, माझा पाखरं हाकायचा दोर होता. साहेब म्हणाले, आवाज तोच, दारू तीच, फरक काय पडतो? ते चिडवत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"सांगून कळायचं न्हाई साहेब," ज्योतीराम म्हणाला. "दाखवतो."

निरंजन उठून काही बोलणार होता, पण साहेब आधीच उठले होते. ज्योतीराम सरळ कोंडाजीच्या केबिनपाशी गेला आणि त्यानं त्या दिवशीची लड मागितली. कोंडाजी कुलदीपच्याच गावचा, त्याच्याच भावकीतला. म्हाताऱ्यानं एकदा शेठकडं बघितलं, एकदा खाली. मग कपाट उघडून लड बाहेर काढली. आठ दिवसांत ती केबिनच्या उकाड्यात कडकडीत वाळली होती. "शेठनं आणलेली हीच. त्या दिशी पेटलीच न्हाई," तो म्हणाला, "आन् दुसरं काय बाहेरनं आलं न्हाई. गेटवर मीच व्हतो."

साहेबांनी वही काढली.

यार्डाच्या कडेला मोकळं मैदान होतं. ज्योतीरामनं लड जमिनीवर पसरली आणि पेटवली. ती तडतडत, लाल कागद उडवत, अर्ध्या मिनिटात संपली. धूर विरला तसं ज्योतीराम कुलदीपला म्हणाला, शेठ, तेवढं उचलता का? कुलदीपनं खांदे उडवले, पुढं गेला आणि बुटाच्या टोकानं उरलेली दोरी उडवून हातात धरून दाखवली. एवढ्यासाठी एवढा तमाशा, असा त्याचा चेहरा होता.

मग ज्योतीरामनं तिकाटणं उभं केलं, स्फोटकाच्या खोलीतून आणलेला दोर टांगला, खालचं टोक पेटवलं आणि सगळ्यांना साठ पावलं मागं नेलं. पहिला बार झाला. खाणीवरचे बगळे एकदम उठले आणि निरंजनच्या हातातला फोन खाली पडला. नंतर काही नाही. दोर उन्हात लोंबत राहिला, ना ज्योत, ना धूर, गोठ्यात टांगलेल्या दाव्यासारखा. दोन मिनिटं गेली. पाच गेली. बगळे परत येऊन बसायला लागले.

"विझला, शेठ," ज्योतीराम म्हणाला. "उचला."

कुलदीप हलला नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं, दोराकडं बघितलं, मग कुलदीपकडं. त्यांनाही तो विझलेलाच दिसत होता. ते म्हणाले, संपलाय की तो, तुमच्याच जबाबात आहे ना की फुसका होता, उचलून आणा, मला बघायचाय. कुलदीपनं निरंजनकडं बघितलं. निरंजन फोनवरची माती पुसत होता. साहेब पुन्हा म्हणाले, जा ना. आणि स्वतःच एक पाऊल पुढं टाकलं.

"साहेब, नगा जाऊ!" कुलदीप ओरडला. "वीस मिनटं जवळ जायचं नसतंय. ह्यानंच सांगितलंय मला."

"कधी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

बोलून गेलेला शब्द गिळायची सोय असती तर कुलदीपनं तो तिथल्या तिथं गिळला असता. ज्योतीरामच्या छातीत आठ दिवस कोंडलेलं सगळं एकदम वर आलं.

"खंडेनवमीला सांगितलं," तो म्हणाला. "दोर लावायच्या आधी. ह्याला ठावं होतं. ठावं असून बाईला धाडलं, मोठ्या साहेबांना दारात कचरा दिसू नये म्हणून. स्वतः आठ दिवसांनीबी जवळ जायला तयार न्हाई, आन् तिला म्हणायलेत कुतूहल. आन् हेबी लिहा साहेब, चावी मी दिली. भिऊन दिली. माझं नाव वगळू नका."

वाहुळे साहेबांनी टाइप केलेला कागद दुमडून वहीच्या मागं ठेवला आणि उभ्या उभ्या स्वतःच्या हातानं नवा जबाब लिहायला घेतला. त्यात वेळ, दोराची लांबी, बारांची संख्या, आणि कुलदीपनं काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. कुठंही कुतूहल लिहिलं नाही. कामाचा भाग म्हणून, वरिष्ठाच्या सांगण्यावरून, असं लिहिलं. ज्योतीरामनं ते वाचलं आणि सही केली. साहेबांनी पेन कुलदीपपुढं धरलं. त्याच वेळी, पहिल्या बारानंतर अठराव्या मिनिटाला, दुसरा बार फुटला. कुलदीप दचकून खाली बसला. पेन मातीत पडलं.

त्यानं सही केली नाही. वकिलाशी बोलतो म्हणाला आणि गाडीकडं गेला. साहेबांनी तेही लिहिलं, कोंडाजीची आणि निरंजनची सही घेतली.

साहेब गेल्यावर निरंजन परत आला. खाली बघत म्हणाला, मामा, चावी द्या, उद्यापासून येऊ नका, चौकशी होईपर्यंत. ज्योतीरामला ते अपेक्षितच होतं. त्यानं कमरेची चावी सोडून दिली. मग निरंजननं विचारलं, आता निघताय ना? ज्योतीरामनं दोराकडं बोट दाखवलं. सात बार शिल्लक होते.

"ते संपल्याबिगर जात न्हाई," तो म्हणाला.

निरंजन निघून गेला. ज्योतीराम साठ पावलांवर एका टायरवर बसला. ऊन चढलं. तिसरा बार झाला, चौथा झाला. राग अजून उतरला नव्हता आणि उतरावा असंही त्याला वाटत नव्हतं. त्या दिवशी शेठनं हाक मारली आणि आपण पळालो. बगळे काय, बसले असते. एका गाडीचा रंग गेला असता. एका गाडीच्या रंगासाठी आपण तिथून हललो, हे त्याला आता मरेपर्यंत सोबत राहणार होतं.

दीडच्या सुमारास रंभा आली, कुसुमताईच्या जागी लागलेली नवी बाई. हातात झाडू, कमरेला फडकं. मैदानातले लडीचे लाल कागद झाडून घ्यायला तिला ऑफिसमधून सांगितलं होतं. दोर गप्प होता. ती चालत सरळ तिकाटण्याच्या दिशेनं निघाली.

ज्योतीराम उठून तिच्या आडवा झाला.

"थांब, बाई," तो म्हणाला. "अजून संपलं न्हाई. कुणीबी सांगू दे, संपलं म्हणून. मी सांगेपर्यंत जायचं न्हाई."

रंभानं मागं ऑफिसकडं बघितलं आणि साहेबांनी आत्ताच झाडायला सांगितलंय म्हणाली. साहेबाला मी बघतो, असं म्हणत त्यानं टायरवर सरकून तिला जागा करून दिली. ती जरा घुटमळली, मग झाडू मांडीवर आडवा घेऊन बसली, आणि दोघं त्या विझल्यासारख्या दिसणाऱ्या दोराकडं बघत राहिली.